फ्रान्सची हलकी नाणी

विसाव्या शतकाच्या मध्यावरची, म्हणजे साधारणतः १९३८ ते १९६० या काळातली फ्रेंच नाणी बहुतांशी ॲल्युमिनियम, जस्त आणि ॲल्युमिनियम-कांसे (तांबे व ॲल्युमिनियम यांचा पिवळसर मिश्रधातू) अशा साध्या धातूंची असून ती प्रचंड संख्येने पाडली गेली, आणि म्हणूनच केवळ दुर्मीळतेच्या मागे लागणारा संग्राहक त्यांच्याकडे सहसा वळत नाही. हे दुर्लक्ष अनाठायी आहे, कारण पराभव, परकीय ताबा, मुक्ती आणि चलनवाढ या चारही घटना या स्वस्त नाण्यांवर विलक्षण स्पष्टपणे उमटलेल्या आहेत.

१९४४ हे साल असलेली दोन फ्रँकची तीन निरनिराळी नाणी शेजारी ठेवली, तर याचा प्रत्यय येतो. पहिले नाणे विशी राजवटीचे, म्हणजे १९४० च्या पराभवानंतर मार्शल पेतां यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या सरकारचे. त्यावर गव्हाच्या ओंब्यांच्या मध्ये दुहेरी पात्याचा परशू कोरलेला असून ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ या नावाऐवजी ‘फ्रेंच राज्य’ आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता या बोधवाक्याऐवजी ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ असे शब्द आहेत. दुसरे नाणे पॅरिसच्या मुक्तीनंतरचे असून त्यावर मॉर्लों या शिल्पकाराने युद्धापूर्वी घडवलेला मारियानचा, म्हणजे प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीचा चेहरा परत आलेला दिसतो. तिसरे नाणे पितळी आहे आणि ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेले आहे. त्यावर ना मारियान आहे ना प्रजासत्ताकाचे नाव, फक्त ‘फ्रान्स’, जुने त्रिशब्दी बोधवाक्य, मूल्य आणि साल आहे. दोस्त राष्ट्रांनी द गॉल यांच्या हंगामी सरकारला ऑक्टोबर १९४४ पर्यंत औपचारिक मान्यता दिलेली नव्हती, हे ध्यानात घेतले की या मोघमपणाचा अर्थ उलगडतो.

धातूची कथाही तितकीच बोलकी आहे. तांबे आणि निकेल युद्धसामग्रीकडे वळल्यामुळे २७ मिलिमीटर व्यासाचे दोन फ्रँकचे नाणे आकाराने तेवढेच राहिले, पण त्याचे वजन ८ ग्रॅमवरून २.२ ग्रॅमवर आले. युद्धानंतर चलनवाढीने तेच काम पुढे चालवले: १९३९ पर्यंत १० ग्रॅम वजनाचे चांदीचे असलेले दहा फ्रँकचे नाणे १९४५ पासून ७ ग्रॅमचे, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे झाले आणि १९५० मध्ये शिल्पकार गिरो यांच्या कोंबड्याच्या चित्रासह अवघे ३ ग्रॅमचे, ॲल्युमिनियम-कांशाचे उरले. डिसेंबर १९४५ मध्ये एका डॉलरला ११९ फ्रँक पडत, ते १९४९ मध्ये ३५० झाले, यावरून या घसरणीचा वेग कळतो.

अभ्यासू संग्राहकाने भिंगाखाली सालाच्या आसपासची बारीक अक्षरे पाहावीत. ‘बी’ हे अक्षर नॉर्मंडीतील बोमों-ल-रोजे येथील, तर ‘सी’ हे नैर्ऋत्य फ्रान्समधील कास्तेलसाराझें येथील टांकसाळीचे असून अक्षर नसलेले नाणे पॅरिसचे समजतात. त्याखेरीज मुख्य उत्कीर्णकाचीही खूण असते. बाझोर यांची पंख, तर १९५८ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जोली यांची घुबड. त्यामुळे १९५८ च्या शंभर फ्रँकच्या नाण्यावर घुबड आढळले, तर पंखवाल्याच्या तुलनेत त्याचे मोल बरेच जास्त ठरते. जस्ताची भोक असलेली युद्धकालीन नाणी मात्र दमट हवेत पांढरट पडतात व त्यांचा पृष्ठभाग झिजतो, म्हणून ती कोरड्या जागी ठेवणे आवश्यक असते आणि कोणतेही नाणे घासून चकचकीत करणे टाळावे.

१ जानेवारी १९६० रोजी शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक झाला, तेव्हा ॲल्युमिनियमची जुनी एक व दोन फ्रँकची नाणी रद्द न करता एक आणि दोन साँतीम, म्हणजे नव्या फ्रँकचे शतांश, म्हणून चालू ठेवण्यात आली. एक साँतीमचे ओंबीचे चित्र असलेले पोलादी नाणे १९६२ पासून निघू लागले.