तेहतिसाव्या घरी प्रकाश केव्हा पोहोचतो?

१२ जून २०२४ रोजी मी आमच्या खामगावच्या घरी फायबरची जोडणी मिळावी म्हणून अर्ज केला. तारेच्या वाटेने आमचे घर एक्स्चेंजपासून सुमारे ६ किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले ३० भाग त्याला पुरेत. प्रत्यक्षात तो आमच्याकडे ३० जुलैला पोहोचला. ४८ दिवस! मुलीच्या प्रवेश-अर्जांचे ते दिवस होते. संध्याकाळी मोबाइलचे नेट रांगू लागे, आणि कागदपत्रे पाठवायला तिला पुन्हा पुन्हा सायबर कॅफेत जावे लागे. फोन केला की ‘उद्या माणूस येईल’ हे उत्तर ठरलेले. शेवटी चिडून मीच या उशिराची कारणे शोधू लागलो, आणि त्यात पदार्थविज्ञान बरेच निघाले.

आधी ही तार कशी असते ते पाहू. प्रकाशतंतूच्या मध्यभागी अवघा ९ मायक्रॉन जाडीचा काचेचा गाभा असतो. त्याभोवती काचेचेच आवरण. दोन्ही मिळून जाडी १२५ मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त, साधारण एक हजाराला तीन-चार इतकाच. तुम्ही पूर्ण आंतरिक परावर्तन शिकला आहात. पाण्यातून हवेत जाताना क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश असतो. येथे तो ८५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे किरण गाभ्याच्या दिशेपासून पाचेक अंशांपेक्षा जास्त कलला, की निसटलाच. (इतक्या बारीक गाभ्यात खरे तर प्रकाशाचा तरंग म्हणूनच विचार करावा लागतो, पण किरणांच्या चित्राने आपले काम भागते.)

घरी करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूस छिद्र पाडा, पाणी भरा, आणि अंधाऱ्या खोलीत छिद्राच्या समोरच्या बाजूने लेझरचा झोत टाका. बाहेर पडणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वळतो. डोळ्यांत मात्र झोत जाऊ देऊ नका. असाच प्रयोग १८५४ मध्ये जॉन टिंडॉल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवला होता. त्याआधी जिनिव्हात कोलाडन यांनीही केला होता.

मग तारायंत्राच्याच काळात काचेच्या तारा का आल्या नाहीत? कारण काच प्रकाश गिळते. हा घाटा डेसिबलमध्ये मोजतात : ३ डेसिबल म्हणजे प्रकाश निम्मा, १० म्हणजे दशांश, २० म्हणजे शतांश. १९६६ मध्ये उपलब्ध तंतूंत किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल घाटा होई. तो २० वर आणला तर तंतूने संदेश पाठवता येतील, असे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी त्या वर्षी मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तेवढी शुद्ध काच बनवली. भारतात स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. काव यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत घाटा किलोमीटरला ०.२ डेसिबल, म्हणजे किलोमीटरनंतरही शंभरातले पंच्याण्णव भाग शिल्लक! तेव्हा आमच्या ६ किलोमीटरांचा दोष जवळजवळ नाहीच.

दोष निघाला चौकातल्या खांबावरच्या पेटीत. एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू या पेटीतला विभाजक अनेक घरांत वाटतो. तो एकाचे दोन, दोनाचे चार असे करत जातो. आमच्या पेटीत ३२ वाटे होते. आदर्श वाटणीतसुद्धा प्रत्येकाला बत्तिसावा भाग, म्हणजे १५ डेसिबल घाटा. प्रत्यक्षात १७ च्या आसपास. सांधे आणि जोडखुंट्यांचे दोन-तीन, तारेचे दीड-दोन. बेरीज २१-२२ होते. अशा जाळ्यात एकूण २८ डेसिबलपर्यंत घाटा चालतो.

माझा अर्ज होता तेहतिसावा. तेहतिसाव्याला एक वाटा देता येत नाही. द्यायचा तर विभाजक ६४ चा बसवावा लागतो. मग आधीच्या बत्तीसही घरांचा प्रकाश निम्मा होतो, आणि काम चालू असेपर्यंत त्यांचे नेट बंद. म्हणून दुसरा तंतू आणून दुसरा विभाजक बसवायचे ठरले. तंतू होता रस्त्यापलीकडे, आणि रस्ता नुकताच सिमेंटचा झालेला. खोदण्याची परवानगी आली तोवर पाऊस लागला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्या दिवसांत चर खणला तर कडा ढासळतात. हे सारे मला पटले. पण पेटी भरली आहे हे कोणीही पाच मिनिटांत पाहू शकला असता, आणि पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. रोज ‘उद्या’ म्हणण्यात कोणते विज्ञान होते, ते मला अजून कळलेले नाही.

आता सांधा. दोन तंतूंची टोके सोलून, अल्कोहोलने पुसून, हिऱ्याच्या पात्याने काटकोनात तोडतात, आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. गाभे एकमेकांपासून १ मायक्रॉन सरकले तर सुमारे ०.२ डेसिबल जातात. ३ मायक्रॉन सरकले तर ०.६ नव्हे, पावणेदोनच्या आसपास, कारण घाटा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. धुळीचा एक कण याहून मोठा असतो. म्हणून भर पावसात किंवा वावटळीत पेटी उघडत नाहीत, आणि यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते.

३० जुलैला तो आला, सांधा झाला, आणि घरातल्या पेटीवर लाल दिवा लागला. तंत्रज्ञाने मापक लावून पाहिला. “सर, खांबावर मायनस एकोणीस भेटते, अन् घरात मायनस तीस. मधात कुठंतरी जाऊन रायली.” मायनस तीस म्हणजे एका मिलिवॅटचा हजारावा भाग, पेटीला साधारण मायनस २७ पर्यंतच वाचता येते. त्याने पिवळ्या तारेच्या टोकाला लाल लेझर लावला आणि खोलीतला दिवा मालवायला सांगितला. कपाटामागे तारेचे वेटोळे निखाऱ्यासारखे लाल दिसू लागले.

ते वेटोळे माझेच होते! चार दिवसांपूर्वी दुसरी तुकडी तार टाकून गेली तेव्हा उरलेली लांबी मी दोन बोटांभोवती गुंडाळली, दोऱ्याने बांधली आणि कपाट मागे सरकवले. साध्या तंतूला ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण मानवत नाही. नव्या जातीचे काही तंतू एक सेंटिमीटरही सोसतात. माझ्या वळणाची त्रिज्या तेवढीही नसावी. वळणावर किरणाचा आवरणाशी होणारा कोन बदलतो, तो ८५ अंशांखाली येतो, आणि प्रकाश भिंतीत जातो. दहा-अकरा डेसिबल मी तिथे सांडत होतो.

तंत्रज्ञ काही बोलला नाही. त्याने दोरा कापला आणि तार जेवणाच्या ताटाएवढ्या वेटोळ्यात मोकळी टांगली. मापकावर मायनस वीस आले, आणि दिवा हिरवा झाला. त्या रात्री मुलीने उरलेली कागदपत्रे घरूनच पाठवली. तो दोरा मी ठेवला आहे. बारावीच्या वर्गात हा धडा शिकवताना तो खिशात असतो.