जंगलातील कॅमेरा आणि त्याचा जागता सेन्सर

आपला अर्जुनी मोरगाव तालुका झाडीपट्टीत मोडतो. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आपल्याच तालुक्यात असून २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मोहफुले वेचण्यास जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी झाडाला बांधलेली छोटी पेटी पाहिली असेल. ती वन्यप्राण्यांची छायाचित्रे टिपणारा कॅमेरा होय. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले व त्यांनी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे टिपली. जंगलात वीज नसताना केवळ सेलवर हा कॅमेरा आठवडेच्या आठवडे कसा चालतो, हे आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

माणूस असो वा वाघ, उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. कॅमेऱ्यातील सेन्सरमध्ये एका विशेष स्फटिकाचे दोन भाग शेजारी शेजारी बसविलेले असतात. उष्णता बदलताच त्यांत अल्पसा विद्युतभार निर्माण होतो. हे भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले असल्यामुळे सारा परिसर एकदम तापला तर परिणाम आपसांत रद्द होतो. परंतु प्राणी समोरून आडवा गेला की उष्णता आधी एका व नंतर दुसऱ्या भागावर पडते. हा फरक म्हणजेच चाहूल! चाहूल लागेपर्यंत कॅमेरा झोपलेला असतो, जागा असतो तो फक्त सेन्सर.

सेन्सर स्वतः किरण सोडत नाही, आलेले केवळ टिपतो. म्हणून त्याला वीज नाममात्र लागते. समजा, सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास आहे. ३०० मिलिअँपिअर घेणारा टॉर्चचा बल्ब त्यावर जेमतेम साडेसहा तास जळेल. ०.०५ मिलिअँपिअर घेणारा सेन्सर मात्र हिशेबाने ४०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षे पहारा देईल. खरा खर्च होतो तो छायाचित्र काढताना.

या सेन्सरला मर्यादाही आहेत. उन्हाळ्यात हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की फरक कमी होतो व प्राणी समोरून जाऊनही नोंद न होण्याचा संभव असतो. उलट वाऱ्याने हलणारे तापलेले गवत त्यास फसविते आणि सेल व्यर्थ जातात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, साध्या कॅमेऱ्यातील छायाचित्र आतच साठते. गावात धोक्याची घंटा वाजत नाही. कॅमेरा साक्षीदार आहे, राखणदार नव्हे. 'कॅमेरा लावला आहे, आता भीती नाही' हा समज जीवावर बेतू शकतो. म्हणून मोहफुलांसाठी उजाडल्यावरच निघावे, एकट्याने न जाता गटाने जावे, वाकून वेचताना एकाने उभे राहून लक्ष ठेवावे.

हाच सेन्सर आता अंगणातील सौरदिव्यातही मिळतो. तो लावताना माणूस सेन्सरसमोरून आडवा जाईल अशी जागा निवडावी व समोरचे गवत कापावे. यंत्राचे काम समजून घेतले तरच त्याचा खरा उपयोग होतो, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.