दीड फुटांचा ओटा, अठरा फुटांचा उतार

जवळा बाजारच्या नावातच बाजार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव. गावाला स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि आसपासच्या खेड्यांतला शेतकरी आपला माल घेऊन इथे येतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजारगावात मोंढ्यावर भाव कळतो, आडतीच्या ओट्यावर सोयरिकी जुळतात, टपरीवर चहा पिता पिता सरपंच ठरतो, उधारी मिटते नाहीतर वाढते. ज्याला बाजारापर्यंत येता येत नाही, तो गावात राहूनही गावाच्या बाहेर पडतो.

असे किती जण असतील? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले ६९ टक्के खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रातला आकडा २९ लाख ६३ हजारांवर होता, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोडा जास्त. हे प्रमाण दहा हजार वस्तीच्या गावाला लावलं तर अडीचशेहून अधिक माणसं होतात. त्या वेळी कायद्याच्या यादीत अपंगत्वाचे जेमतेम ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातून आलेलं अपंगत्व असे कितीतरी प्रकार त्यामुळे हिशेबात आले.

आता कुठल्याही गावच्या आठवडी बाजारात उभं राहून ही अडीचशे माणसं शोधावीत. पाच-दहा दिसतील. बाकीची घरात असतात. कुणाला ओसरीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, कुणाच्या मतिमंद लेकीला ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लग्नकार्यात नेत नाहीत. ऐकू न येणाऱ्याला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर काय पुकारलं ते कुणी सांगत नाही. जे बाहेर पडतात त्यांची नावंही पुष्कळदा उरत नाहीत. पाय, डोळा किंवा कान यांच्या उणिवेवरूनच गाव त्यांना हाक मारतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण २०१६च्या याच कायद्याच्या ९२व्या कलमात अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड सांगितला आहे.

घराबाहेर पडलेल्याला पहिली अडते ती पायरी. आपल्याकडे दुकान, बँक, पतसंस्था, दवाखाना सगळं ओट्यावर. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून ओटा उंच, आणि रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की पुढचं बांधकाम आणखी उंच. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. धडधाकट माणूस त्या मोजतसुद्धा नाही. व्हीलचेअरसाठी उतार करायचा झाला, तर सरकारी मानकांप्रमाणे दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. दीड फुटाला अठरा फूट. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फूट, आणि धरायला दोन्ही बाजूंना कठडा. प्रत्यक्षात काय होतं? दीड फुटाच्या ओट्याला चार-पाच फुटांत उतार उरकला जातो, वर गुळगुळीत फरशी बसते, आणि ‘रॅम्प आहे’ अशी कागदावर नोंद होते. त्या उतारावरून व्हीलचेअर एकट्याने वर चढत नाही आणि खाली येताना आवरत नाही. शाळेत असा उतार असला, की मधल्या सुटीत पोरं त्याची घसरगुंडी करतात.

जवळा बाजारच्या लोकांचं तालुक्याचं ठिकाण औंढा. तिथल्या नागनाथाच्या देवळाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्या उतरून, अंग चोरून, वाकून लिंगापाशी जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईलाही ते कठीण, मग कुबड्यांवर चालणाऱ्याचं विचारायलाच नको. शेकडो वर्षांपूर्वीच्या या दगडी बांधकामाला आज दोष देऊन उपयोग नाही, आणि त्याला सहजासहजी हातही लावता येत नाही. मात्र कालपरवा बांधलेली ग्रामपंचायत, अंगणवाडी, सभागृह किंवा एटीएम यांना ही सबब चालत नाही. २०१६च्या कायद्याचे नियम १५ जून २०१७ रोजी निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्यापुढे पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ साली संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला बजावलं, की सुगमतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे करा.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं, ते मतदानाच्या दिवशी दिसतं. केंद्रावर उतार असतो, व्हीलचेअर असते, आत सोडायला स्वयंसेवक असतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तर चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांपुढच्यांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. दुसऱ्या दिवशी ती व्हीलचेअर कुठे जाते, हे मात्र गावकऱ्यांना विचारलं तरी सांगता येत नाही.

पैशाचं म्हणाल तर तो गावातच आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा, असा राज्य सरकारचा आदेश आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली, गाळ्यांचं भाडं यांतून येणारं ते उत्पन्न. बाजारगावाला ही वसुली लहान खेड्यापेक्षा साहजिकच जास्त मिळते. बऱ्याच ठिकाणी मार्च तोंडावर आला की या निधीची आठवण होते. मग माणशी थोडीफार रक्कम वाटली जाते, फोटो निघतो, विषय संपतो. वाटलेले पैसे महिन्याभरात खर्चून जातात. त्याच पैशांतून शौचालयाला रुंद दार आणि दांडा, पाणवठ्यावर कठडा, दवाखान्याला नीट उतार केला, तर तो वीस वर्षं टिकतो आणि बाळंतीण, म्हातारी माणसं, हातगाडीवाला हमाल या सगळ्यांच्या कामी येतो.

सोयी मिळवायच्या म्हणजे आधी कागद हवा. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाल्यावर वैश्विक ओळखपत्र मिळतं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळं, ऐंशी आणि त्यापुढे निळं. जवळ्याच्या माणसाला त्यासाठी हिंगोली गाठावी लागते. एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण ती मिळते हे ओळखपत्र दाखवल्यावर. म्हणजे पहिल्या खेपेला खिशातून पूर्ण तिकीट. शिवाय बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, तोच या कागदाला सगळ्यात जास्त पारखा होतो. वर्षातून एकदा तपासणीचं पथक बाजारगावातच आलं तर ही पायपीट वाचते.

माणूस बाहेर आला, पुढे काय? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी याचं उत्तर काम करून दिलं आहे. सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे बंगळूरचे बाबूकाका दिवाण भेटले. स्वतः व्हीलचेअरवर असलेला हा माणूस उद्योग चालवत होता. नसीमादीदी शिकल्या, नोकरीला लागल्या आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह झालं, आणि शाळा काढली तीही अपंग आणि इतर मुलं एकाच वर्गात बसतील अशी. सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा कारखाना निघाला. तिथे बसून करायच्या कामाला हात चालणारा माणूस लागतो, पाय चालणारा असलाच पाहिजे असं नाही.

मोंढ्यातही अशी कामं भरपूर असतात. पट्टी लिहिणं, काट्याची नोंद, आवक-जावकेचा हिशेब, मोबाइलवर भाव पाठवणं. रोजगार हमीच्या कामावर अपंग मजुराला पाणी पाजण्याचं, मुलं सांभाळण्याचं काम द्यावं आणि मजुरी इतरांइतकीच द्यावी, अशी योजनेतच तरतूद आहे. मागणी नोंदवली तर ते मिळतं, आणि ती नोंदवायला कुणीतरी सोबत जावं लागतं.

मराठवाड्याच्या मातीत उदाहरणं नाहीत असंही नाही. नांदेड जिल्ह्यातल्या होनवडज गावची भाग्यश्री जाधव गोळाफेकपटू म्हणून टोकियोच्या पॅरालिम्पिकला गेली आणि २०२४ साली पॅरिसमध्ये उद्घाटनाच्या संचलनात सुमित अंतिलबरोबर तिने भारताचा तिरंगा धरला. अशा मुलीचा सत्कार गाव हौसेने करतं. पण सगळ्यांनाच काही पॅरिसला जायचं नसतं. कुणाला नुसतं शाळेत जायचं असतं, कुणाला शनिवारी मारुतीच्या पारावर गप्पा मारत बसायचं असतं.

त्यासाठी दिल्ली-मुंबईकडे बघण्याची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आपल्याकडे ग्रामसभा भरते. पुढच्या सभेला जाताना शेजारच्या अपंग माणसाला सोबत न्या, त्याला आत पोचता येईल अशा जागी सभा घ्यायला लावा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: यंदाचा पाच टक्के निधी किती, तो कशावर खर्च झाला, आणि गावात ओळखपत्र नसलेले किती जण आहेत. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.