कात्रजला मेस लावताना

कात्रजला शिकायला आलेल्या परदेशी मुलाने सगळ्यात आधी काय करावं, तर मेस लावावी. खोली, कॉलेजचा प्रवेश, बसचा पास यांत कोणी ना कोणी मदत करतं. जेवणाचं ज्याचं त्यालाच बघावं लागतं, आणि ते बिघडलं की अभ्यासापासून झोपेपर्यंत सगळंच बिघडतं. पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या इतिहासातही जेवण मोक्याच्या जागी आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहात कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत होती. ते रेक्टर शां. ब. मुजुमदार यांच्या नजरेस पडलं, या मुलांना इथे आपलं म्हणावं असं कोणी नाही हे त्यांना जाणवलं, आणि त्यातून पुढे १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ सुरू झाली. कात्रज-धनकवडीकडे ही मुलं येतात ती मुख्यतः ‘भारती’मुळे, म्हणजे पतंगराव कदमांनी १९६४ साली स्थापन केलेल्या भारती विद्यापीठामुळे.

कागदपत्रांचं दोन ओळींत सांगतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते. ज्याच्या घरात राहणार त्याने २४ तासांत ‘सी फॉर्म’ भरायचा असतो. घरमालक “भरू हो, काय घाई आहे” म्हणाला, तरी पाठपुरावा करून भरून घ्यावा.

आता मेस. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि कार्ड घ्यायचं. कार्ड ‘एक वेळ’चं किंवा ‘दोन वेळ’चं. दोन वेळच्या कार्डावर साधारण साठ चौकोन असतात. जेवायला बसलं की एकावर फुली पडते. काही ठिकाणी अजून वहीच असते, आणि वहीतलं नाव हे तुमचं खरं नाव असेलच असं नाही. उच्चार जमेना म्हणून काकूंनी नुसतं देशाचं नाव लिहिलेलं असतं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा नियम कुठेही लिहिलेला नसतो. तो सगळ्यांना माहीत आहे असं गृहीत धरलेलं असतं. नव्या मुलाची पहिली उपासमार हमखास रविवारी रात्री होते.

खरी मेख आहे खाड्यात. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. तो पैशांतून वजा होतो किंवा कार्ड तेवढं पुढे सरकतं, पण अटी असतात: आदल्या दिवशी सांगितलेलं असावं आणि सलग तीन-चार दिवस तरी गैरहजेरी असावी. एखाद्या दुपारी बाहेर मिसळ खाल्ली, तर ते जेवण बुडालं. म्हणून बाहेर खायची आवड असणाऱ्याने सरळ एक वेळ लावावी. रोजे ठेवणाऱ्यालाही रमजानच्या महिन्यात रात्रीची एकच वेळ परवडते. पहाटेसाठी पोळी-भाजीचा डबा तिथूनच भरून घेता येतो. ‘अमर्यादित’ या पाटीचा अर्थ बसून जेवणाऱ्यापुरता. पार्सलला ती सवलत नाही, आणि एका कार्डावर दोघं तर नाहीच. ताटात टाकलं तर दंड अशी सूचना भिंतीवर असते. दंड सहसा कोणी घेत नाही, पण वाढणाऱ्या मावशी जे बघतात ते दंडापेक्षा भारी पडतं.

ताटाचा क्रमही समजून घ्यावा लागतो. एक सुकी भाजी, एक पातळ भाजी किंवा उसळ, आमटी, भात, कांदा-काकडी, लोणचं. आधी पोळ्या संपवायच्या, मग भात घ्यायचा. भातापासून सुरुवात केली की वाढणाऱ्यांचा समज होतो की याला पोळी नको, आणि पोळीची फेरी पुढे निघून जाते. नेपाळच्या मुलांचा सुरुवातीला इथेच घोळ होतो, कारण त्यांच्या घरी दाळ-भात हेच मुख्य जेवण. नॉनव्हेज बहुधा बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्याचे पैसे वेगळे की कार्डातच, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावं. चतुर्थीला किंवा एकादशीला पलीकडच्या ताटात साबुदाण्याची खिचडी दिसली, तर बिनधास्त मागावी. उपास असण्याची अट कोणी घालत नाही.

तिखटाचं काय? सातारा रस्त्यालगत स्वयंपाक करणाऱ्या हातांना कांदा-लसूण मसाल्याची सवय असते, त्यामुळे उसळीवर लाल तर्री तरंगतेच. पळी तळापर्यंत घालून वाढायला सांगितलं की निम्मं तिखट टळतं. मिसळ खाताना तर्री वेगळ्या वाटीत मागावी. तरीही जीभ पोळली, तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन मात्र त्याला धरून नेतं, म्हणून ताक प्यावं. इथे कात्रजकर सुदैवी आहेत. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी इथलीच, आणि ‘कात्रज’ नावाने विकलं जाणारं ताक जवळपास प्रत्येक कोपऱ्यावर मिळतं. इराणी मुलांना त्याची ओळख लागतेच, कारण त्यांच्याकडे मीठ-पुदिना घातलेलं ‘दूग’ जेवणासोबत असतं. भूतानच्या मुलांची तक्रार नेमकी उलटी. चीजमध्ये मिरच्या शिजवून भाजी म्हणून खाणाऱ्यांना आपलं जेवण मिळमिळीत वाटतं, आणि ‘आमचं तिखट बाहेरच्यांना झेपत नाही’ ही आपली फुशारकी तिथल्या तिथे उतरते.

मेस कितीही चांगली असो, दोन-तीन महिन्यांनी घरच्या चवीची आठवण येतेच. स्वतः रांधायचं, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. टांझानिया-केनियाच्या मुलांना लागतं उगालीसाठी मक्याचं पीठ. पुडीतलं ‘कॉर्न फ्लोअर’ घेऊ नये. तो नुसता स्टार्च असतो, त्याची खळ होते. किराणा दुकानातून मका घ्यावा आणि सरळ पिठाच्या गिरणीत न्यावा. गिरणीवाला तीन गोष्टी विचारतो: किती किलो, बारीक की जाडसर, आणि आत्ता हवं की संध्याकाळी. जाडसर सांगावं. शक्यतो ज्वारी-बाजरीच्या पाठोपाठ नंबर लावावा, कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात राहतं आणि आपल्यात येतं. गव्हामागून दळलं की तेवढा चिकटपणा मिसळतो. आपला मका पिवळा, त्यांचा पांढरा, एवढा फरक राहतोच. सालासकट दळलेलं असल्याने रंगरूप त्यांच्याकडच्या ‘दोना’ पिठाच्या जवळ जातं. साल काढलेल्या ‘सेंबे’ची सवय असेल तर चाळून घ्यावं. चपातीची मात्र त्यांना नवलाई नाही. पूर्व आफ्रिकेत ती ‘चपाती’ याच नावाने घरोघरी होते. इथिओपियाच्या मुलांना इंजेराचं टेफ इथल्या दुकानांत सापडत नाही. ती आंबोळीवर भागवतात. आंबटपणा तसाच, जाळीही पडते.

खाणं मार्गी लागलं की मग भटकंती. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला; इथून जमिनीखालच्या नळांतून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलेलं होतं. शेजारचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. स्वारगेटला जायला बस सतत मिळते, तिथून तुळशीबाग चालत.

एक अडचण राहतेच, ती दिवाळीची. मेस चार दिवस तरी बंद असते, काही ठिकाणी आठवडाभर. वसतिगृह रिकामं होतं, आणि गावाला न जाणारे उरतात ते बहुतेक परदेशीच. या दिवसांचा खाडा धरणार का, हे ऑक्टोबरचे पैसे भरतानाच विचारावं. नंतर विचारलं की “सगळ्यांनाच सुट्टी होती” असं उत्तर मिळतं. शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट येतं, पण चिवडा-चकलीवर दोन वेळा निघत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हॉटेलंही लवकर शटर ओढतात. त्यामुळे अंडी, ब्रेड, दही आणि दोन किलो तांदूळ आदल्या दिवशीच आणून ठेवावेत, सिलिंडर हलवून बघावा, आणि खोलीवर कोण कोण उरलंय याची यादी करून एकाच्याच स्टोव्हवर सगळ्यांचं करावं.