मागची सीडी आणलीत का?

सकाळी ७.१५. एमआरसीपीचे, म्हणजे एमआरआयवर पित्तनलिका बघायच्या तपासणीचे पेशंट आम्ही मुद्दाम पहिले घेतो. चार-सहा तास पोटात काही नको, चहासुद्धा नको. आणि दुपारपर्यंत चहावाचून राहणारा माणूस मला तरी पुण्यात भेटलेला नाही. टेक्निशियन ताई फ्रिजमधून अननसाचा रस काढतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि त्याआड दडलेली पित्तनलिका मोकळी दिसते.

७.४५. पहिला पेशंट चाळिशीचा, साताऱ्याकडचा. आजार प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस, पीएससी. आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आधीपासूनचा. हे दोन आजार बऱ्याचदा जोडीनं येतात. पित्तनलिकांना सूज येत राहते, त्या जागोजागी आकसतात, मागचा भाग फुगतो. आजार थोपवणारं खात्रीचं औषध नाही. काहींना शेवटी यकृत बदलावं लागतं.

गळ्यात गावच्या वैद्यानं घातलेली काविळीची माळ. ताईंचं लक्ष माळेपेक्षा कमरेकडे. "दादा, करदोट्याला किल्ली-बिल्ली नाही ना?" होती. कपाटाची.

मी विचारलं, "मागची सीडी आणलीत का?"

"घरी राहिली मॅडम. रिपोर्टचा फोटो आहे मोबाइलवर."

रिपोर्ट म्हणजे माझ्यासारख्याच कुणाचं तरी मत. मला चित्र हवं. या आजारात एकटं चित्र फारसं बोलत नाही, दोन वर्षांमधला फरक बोलतो. त्यांनी भावाला फोन लावला. सीडी एसटीनं निघाली.

८.१०. आधी एमआरसीपी. यात रंगद्रव्य लागत नाही. सिग्नलच असा पकडायचा, की संथ पाणी तेवढं पांढरं उरतं, बाकी सगळं काळं. ही पद्धत १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. त्याआधी नलिकांचं चांगलं चित्र हवं तर बहुधा ईआरसीपी, म्हणजे दुर्बीण घालून नलिकेत औषध सोडायचं. त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. आता ईआरसीपी मुख्यतः उपचारासाठी.

पोटावर पट्टा, श्वासाच्या तालावर स्कॅन. माणूस शांत असला तर चार-पाच मिनिटं. घाबरला की श्वास वेडावाकडा, वेळ दुप्पट आणि चित्र पुसट. काही सीक्वेन्सना श्वास रोखावा लागतो. ताई माइकवर सांगतात, "श्वास घ्या... सोडा... आता थांबवा." सोडूनच थांबवायचा, कारण तेव्हा यकृत दर वेळी बहुतेक त्याच जागी येतं.

मग इलास्टोग्राफी. उजव्या बरगड्यांवर एक चपटा डबा बांधतात, तो सेकंदाला ६० वेळा थरथरतो. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगानं पळते, उत्तर किलोपास्कलमध्ये.

शेवटी गॅडॉक्सेटेट, शिरेतून द्यायचं रंगद्रव्य. याचा जवळपास निम्मा भाग यकृत उचलून पित्तात टाकतं, म्हणून वीस मिनिटं थांबून पुन्हा चित्रं. क्रम चुकवायचा नाही: हे पित्तात उतरलं की एमआरसीपीचा पांढरा काळवंडतो. बिलीरुबिन फार चढलेलं असेल तर यकृत ते नीट उचलतच नाही आणि पेशंटचे पैसे वाया. रक्ताचा रिपोर्ट आधी बघते तो त्यासाठीच.

१०.३० ते २. गुडघे, पाठी, एक पित्ताशयातला खडा नलिकेत उतरलेला.

३.३०. सीडी आली. डावीकडच्या पडद्यावर जुनं, उजवीकडे नवं. जुनं दुसऱ्या मशीनवरचं, जाड कापांचं. अशा तुलनेत डोळा सहज फसतो: जाड कापात बारीक नलिका नुसती हरवते आणि ती आकसलीय असं वाटतं. नलिकांची जाडी मोजणारी सॉफ्टवेअर आली आहेत; ऑक्सफर्डच्या पर्स्पेक्टमचं एमआरसीपी प्लस नलिका रंगवून त्यांची मापं देतं. कामाचं आहे. पण पुसट स्कॅनचं माप दशांशात आलं म्हणून ते अचूक ठरत नाही.

उजव्या फांद्यांतल्या अरुंद जागा तेव्हाही होत्या. मुख्य यकृतनलिकेतली नवी. पाऊणहून जास्त आवळलेली, भिंत जाड, आणि डावी बाजू मागच्यापेक्षा फुगलेली. हा कापांचा खेळ नाही. पीएससीत अशी नवी आवळण नुसत्या व्रणाची असू शकते, कर्करोगाचीही. आणि एमआरआय दर वेळी ते सांगू शकत नाही.

५.००. रिपोर्ट टाइप व्हायच्या आत गॅस्ट्रोच्या सरांना फोन. ईआरसीपी करून ब्रशनं पेशी घ्यायच्या असं ठरलं. सरांनी विचारलं, "कुठल्या बाजूनं शिरू?" "डावीकडून," मी म्हणाले आणि कुठली फांदी ते दाखवणारा फोटो पाठवून दिला.