चहा खाते

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. वय ९१ होते. तेव्हा अकाली असे त्यात काही नव्हते. तरीही दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवून घेतली आणि दुकानाच्या जुन्या कीर्द-खतावण्यांच्या तळाशी पडलेली, लाल कापडात बांधलेली एक लहानशी वही बाहेर काढली. आमच्या दिवाणजींच्या टपोऱ्या अक्षरात तिच्यावर 'चहा खाते' एवढेच लिहिलेले आहे. बँकेच्या नोकरीत मी असंख्य खाती तपासली. परंतु इतके चोख लिहिलेले आणि व्यवहाराच्या दृष्टीने इतके निरर्थक खाते माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे भुसार मालाचे दुकान होते. बुधवारी रात्री आठच्या सुमारास दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या असत आणि आत गादीवर रेडिओ ठेवलेला असे. घरोघरी जेवणे सूर्यास्तापूर्वीच उरकलेली असल्यामुळे आठची वेळ आम्हांला मोठी सोयीची होती. वडील, म्हणजे आमचे आण्णा, दिवाणजी, हमालांचे मुकादम, शेजारचे डाळीचे व्यापारी काका, शाळेतले एक मास्तर आणि आमच्या भागाचे पोस्टमन ही ठरलेली मंडळी. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पाणी देणे, वात वर-खाली करणे अशा कामांच्या निमित्ताने त्या सभेत प्रवेश मिळवला होता. 'बिनाका गीतमाला' सुरू होण्यापूर्वी पैजा लागत. या आठवड्यात पहिल्या पायदानावर कोणते गाणे येणार? हरणाऱ्याने चहा द्यायचा. मात्र रात्री चहा घेण्याची रीत आमच्याकडे नसल्याने पैज बुधवारी लागे आणि तिची फेड गुरुवारी सकाळी होई. मधल्या बारा तासांत कोणी नाकबूल होऊ नये म्हणून दिवाणजींनी ही वही घातली.

आजच्या वाचकांना हा कार्यक्रम सिलोनहून का येत असे, याचे नवल वाटेल. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. गिऱ्हाईक मात्र नाहीसे झाले नव्हते. ज्या दुकानात माल नाही त्याच्या शेजारचे दुकान चालते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. रेडिओ सिलोनने हा माल ठेवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी गीतमाला सुरू झाली. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावायला सांगत, आणि १०० रुपयांचे बक्षीस असे. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आल्याची आठवण सयानी सांगत. पुढे तीच क्रमवारी पायदानांच्या रूपाने कार्यक्रमाचा कणा झाली. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिला मान 'अनारकली'तील लताबाईंच्या गाण्याला मिळाला, संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचे. सरकारला सुधारणा झाली ती १९५७ मध्ये. ३ ऑक्टोबरला विविधभारती सुरू झाली. परंतु तोपर्यंत देशभरच्या बुधवारच्या रात्री सिलोनच्या नावावर चढल्या होत्या.

आमचे मास्तर शास्त्रीय संगीताचे भक्त. केसकरांचा पक्ष ते हिरिरीने मांडत. त्यावर मुकादमांचे उत्तर ठरलेले असे : "मास्तर, तुमच्या मंत्र्यानं गाणी बंद केली नसती, तर सिलोनला कोण विचारलं असतं ओ? त्यांचा फोटो तिथल्या स्टेशनात लावला पाहिजे." मास्तर हसत, आणि पुढच्या बुधवारी तोच मुद्दा नव्या दमाने मांडत. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यातच त्या बैठकीची गोडी होती.

मुकादमांचा अधिकार वेगळा होता. लघुलहरींवर २५ किंवा ४१ मीटरवर सिलोन पकडणे हे कसबाचे काम. आवाज येई, ओसरे, दुसऱ्याच देशाची भाषा मध्ये घुसे. काटा केसभर सरकवून सयानींचा स्वर परत आणणे पेठेत फक्त मुकादमांना साधे. दिवसभर ते पायरीखाली उभे असत. बुधवारी मात्र ते गादीवर, आण्णांच्या डाव्या हाताला, रेडिओजवळ बसत. आण्णांनी कधी सांगितले नाही आणि मुकादमांनी कधी विचारले नाही. या एका तासात पोस्टमन आण्णांना 'तुम्हांला गाण्यातलं काय कळतंय' असे सुनावू शकत, आणि आण्णा ते हसून ऐकून घेत. दिवसाच्या व्यवहारात असे वाक्य उच्चारले गेले असते, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

दिवाणजी रफींचे अभिमानी, पोस्टमन किशोरकुमारांचे. पोस्टमन दुकानाचे टपाल देताना दिवाणजींना म्हणत, "रफीसाहेबांचं पत्र नाही आलं आज." लताबाईंच्या बाबतीत मात्र दोन पक्ष नव्हते. दीनानाथांचे बिऱ्हाड सांगलीत होते, म्हणून लताबाईंचे गाणे वर सरकले की घरच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे सर्वांचे चेहरे होत. फर्माइशीच्या कार्यक्रमांत झुमरी तलैयाचे नाव आले की पोस्टमन हळहळत. कोडरम्याजवळचे ते अभ्रकाच्या व्यापाराचे गाव; आज झारखंडात आहे. तेथील शौकिनांची पत्रे इतकी पडत की असे गाव खरोखर आहे की नाही, याची लोकांना शंका येई. "एवढी कार्डं वाटायला नव्हे, उचलायला माणूस लागत असेल," असे म्हणून आमचे पोस्टमन त्या अज्ञात व्यवसायबंधूबद्दल सहानुभूती प्रकट करीत.

या थट्टेला न लिहिलेली मर्यादा होती. माणसाच्या आवडीवर वाटेल तेवढे बोलावे. त्याच्या घरावर, पैशावर, अडचणीवर बोलू नये. ती मर्यादा मला ठाऊक होती असे मला वाटत असे.

१९७५ चे ते वर्ष. आणीबाणी लागू झालेली. दुकानांवर भाव आणि साठा लिहिलेले फलक लागले होते. व्यापारी म्हटला की साठेबाज, ही भावना वातावरणात होतीच. अशात एके दिवशी डाळवाल्या काकांच्या गोदामाची तपासणी झाली. पोती मोजली, वही तपासली. दोन्ही जुळले, आणि तपासणारे निघून गेले. पण त्या दोन-अडीच तासांत रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमली होती.

त्याच आठवड्यातील बुधवारी काका नेहमीप्रमाणे पायऱ्या चढू लागले. 'रोटी कपडा और मकान'मधील महागाईवरचे गाणे तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. मी ते गुणगुणलो. काकांकडे पाहत गुणगुणलो, हे मान्य केले पाहिजे. हशा येईल अशी माझी खात्री होती. कोणी हसले नाही. काकांची पोती पाठीवरून वाहणारे मुकादमसुद्धा हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून रेडिओचा काटा उगाच हलवला आणि लागलेले स्टेशन गेले. काका पूर्ण तासभर बसले. पैज लावली नाही. बिगूल वाजला, पहिल्या पायदानाचे गाणे झाले, तसे "येतो आण्णा," म्हणून उठले. पुढच्या बुधवारी त्यांची जागा रिकामी होती, त्यापुढच्या बुधवारीही.

मला कोणी रागावले नाही. गुरुवारी हिशेब पाहण्यासाठी मी चहा खाते उघडले, तेव्हा माझ्या पानावर, नावे बाजूस, दिवाणजींनी एक ओळ लिहिलेली आढळली : 'डाळवाले काका, १.' मी त्यांच्याकडे पाहिले. ते टाक पुसत होते.

"दिवाणजी, हे कसं फेडायचं?"

"धाकटे शेठ, मी फक्त लिहितो. फेडायचं शेठ लोकांनी."

आण्णांनी एवढेच म्हटले की देणे असले तर देणेकऱ्याने स्वतः जायचे असते, घेणेकऱ्याची वाट बघायची नसते. तिसऱ्या आठवड्यात मी गेलो. काकांनी समोरचे गिऱ्हाईक सावकाश उरकले, मला बसवून ठेवले, मग परीक्षेची चौकशी केली. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"गाणं चांगलंय रे," ते म्हणाले. "मलाही आवडतं. पण त्या दिवशी माझी पोरं दारात उभी होती. धाकट्यानं विचारलं, बाबा, आपण काही केलंय का?" ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "वर्षाच्या यादीत तेच पहिलं येणार. माझे दोन चहा लिही. तू विरुद्ध."

त्या बुधवारी ते आले. पोस्टमननी त्यांना पाहताच, "सरताज आले, बिगूल वाजवा," असे म्हटले आणि सभा सुरू झाली. १९७५ च्या वार्षिक यादीत पहिले स्थान खरोखरच महागाईच्या गाण्याला मिळाले. मी दुसऱ्या सकाळी चहा घेऊन गेलो, तर काकांनी तो परत पाठवला : "राहू दे. व्याज वाढू दे."

पुढच्या वर्षी विविधभारतीवरून किशोरकुमारांची गाणी बंद झाली. सरकारी कार्यक्रमात गाण्यास त्यांनी नकार दिला होता, त्याचे हे फळ. आता दिवाणजी पोस्टमनना सळो की पळो करून सोडणार, असे आम्हांला वाटले. दिवाणजी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. उलट बुधवारी सिलोनवर किशोरकुमारांचे गाणे लागले, तेव्हा मुकादमांना म्हणाले, "आवाज थोडा वाढवा." पोस्टमननी त्या महिन्यात रफींच्या पत्राचा विनोद केला नाही.

नोकरीमुळे मी गावोगाव फिरलो. बैठक हळूहळू विरली. दूरदर्शन आले, माणसे थकली, एकेक करून गेली. गीतमाला १९८९ मध्ये विविधभारतीवर आली, पण तोवर आमच्या गादीवर ऐकायला कोणी उरले नव्हते.

सयानींच्या बातमीनंतर वही घेऊन मी काकांच्या दुकानात गेलो. आता तेथे त्यांचा नातू बसतो. माझ्या नावावरचे ते पान मी त्याला दाखवले : दोन चहा, डिसेंबर १९७५, देणे बाकी. त्याने गांभीर्याने वाचले आणि मोबाईल काढून आकडेमोड सुरू केली.

"१२ टक्के, चक्रवाढ, ४८ वर्षं. ४६० कप होतात, काका. वरचे सोडून दिले."

मी निवृत्त बँक अधिकारी आहे. अशा वेळी गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "चहाच्या खात्याला बचत खात्याचा दर लागतो. आणि तुझ्या आजोबांनी दर ठरवला नव्हता."

"म्हणजे देणं मान्य आहे ना?" तो म्हणाला. "मग रोज सकाळी एक कप पाठवा. मुद्दल तसंच राहू द्या."