माहेरच्या नावानं

मैत्रिणींनो, तुमच्याही शाळेचं गेट-टुगेदर एव्हाना झालं असेल. नसेल झालं तर होईल, सध्या सगळ्या गावांत तेच चाललंय. आमचं मागच्या दिवाळीनंतर झालं. १९८५ ची दहावीची बॅच. महिनाभर आधी कामं वाटली गेली. हॉल, मांडव, जेवण मुलांकडे (पन्नाशी उलटली तरी आमच्या लेखी ती 'मुलं'च!). रांगोळी, औक्षण, भेटवस्तू आम्हा बायकांकडे. माझ्या गळ्यात पडली श्रद्धांजलीची यादी. "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कर," एवढंच कारण.

वाटलं, तासाभराचं काम. ग्रुपवर विचारलं, तर संध्याकाळपर्यंत सात नावं आली. हेडसर, गणिताचे सर, पीटीचे सर आणि वर्गातली चार मुलं. एक ट्रकच्या अपघातात, दोन हार्ट अॅटॅकनं, एक कोरोनात. तारखांसकट, फोटोंसकट. मुलीचं एकही नाव नाही. मी तर खूशच झाले. म्हटलं, चला, आपल्या साऱ्याजणी ठणठणीत! रात्री भांडी आवरताना हिशेब केला. वर्गात आम्ही १९ मुली होतो. ग्रुपवर ११. मग बाकीच्या ८ कुठे आहेत?

कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असणार तरी कसं? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहितात. वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, कितीजणींचं तर पहिलं नावही जातं. फेसबुकवर शोधायचं तर काय टाकून शोधायचं? आमच्या एका मैत्रिणीला मी वर्षभर बाजारात बघत होते, पण तिच्या दिराच्या दुकानावरच्या आडनावानं ओळखत होते. ती आपल्याच बाकावरची, हे दोघींनाही कळलं नव्हतं.

शेवटी शाळेत गेले. क्लार्कनं जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. पानं पिवळी पडलेली, पण १९ च्या १९ नावं जागच्या जागी. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. आईच्या नावाचा रकानाच नाही त्यात. ते बघून मी माहेरांचे पत्ते धरले. कुणाचा भाऊ किराणा दुकानात भेटला, कुणाची वहिनी दळणाच्या रांगेत. पंधरा दिवसांत आठही जणींचा पत्ता लागला. पाचजणी आहेत. एक सुरतला, एक इचलकरंजीला खानावळ चालवते, तिघी तर तालुक्यातच.

तिघी नाहीत.

एक १९९१ साली दुसऱ्या बाळंतपणात गेली, तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवर. एकीनं छातीतली गाठ दोन वर्षं कुणाला सांगितली नाही, मुलीची दहावी व्हायची होती म्हणून. आणि तिसरी 'स्टोव्हचा भडका उडून'. लग्नाला तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर सात वर्षांच्या आत असा मृत्यू झाला तर हुंडाबळीचं कलम १९८६ सालीच कायद्यात आलं होतं. पण ते लागायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं. तिच्या वडिलांच्या पदरात अजून दोन मुली होत्या.

यादीत आणखी एक नाव हवं होतं. आमच्या शिपाई मावशींचं. घंटा त्या द्यायच्या, रांजण त्या भरायच्या. आणि मुलींनो, आठवतं ना, आठवी-नववीत कुणाच्या स्कर्टला डाग पडला की ती रडत वर्गाबाहेर पळायची ती मावशींकडेच. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या असायच्या. बाईंपैकी कुणी हा विषय तोंडानं काढला नाही. पण मावशींचं नाव काय? आम्ही सगळ्या गप्प! जुन्या पगारपत्रकात सापडलं एकदाचं.

हे सगळं करताना मला सारखी ३ जानेवारी आठवत होती. सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळेत दरवर्षी भाषणं व्हायची, मीही पाठ करून ठोकलेलं. प्लेगच्या साथीत मुंढव्याचा आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या आल्या आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या, हे आपल्याला तोंडपाठ आहे. आणि त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे? पुण्यातली मातंग समाजाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या हातानं लिहिणारी मुलगी! पण शाळेनंतर ती कुठे गेली, केव्हा वारली, याची नोंद सापडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं सोडा, आमच्या वर्गातल्या तिघींचंही तेच व्हायला आलं होतं.

यादी कमिटीपुढे ठेवली, तर कुजबुज सुरू झाली. "बाकी ठीक आहे, पण स्टोव्हवालीचं नाव नको. आनंदाच्या दिवशी कशाला? तिच्या सासरचे गावात ऊठबस असलेले आहेत." मला राग आला, पण भांडले नाही. म्हटलं, कसं गेली ते कुणाचंच वाचायचं नाही. नाव आणि साल, बस्स. हेडसर काय, मावशी काय आणि ती काय, सगळ्यांना सारखंच. यावर कुणाला बोलता येईना. इथे मात्र तिचं नाव मी छापत नाहीये. तिची मुलगी आजोळापासून तुटून सासरच्यांकडेच वाढली, आता तिचाही संसार आहे. तिला विचारल्याशिवाय नको.

कार्यक्रमाला तिच्या आईला बोलावलं. काकू ऐंशीच्या पुढच्या, भाच्याचा हात धरून आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. मी माहेरची नावं वाचली, रजिस्टरात होती तशी, वडिलांच्या नावासकट. तिचं नाव आलं तेव्हा वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

जेवणं चालू असताना काकूंनी मला खुणेनं बोलावलं. त्यांच्याकडे लेकीचा एकही फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम सासरी राहिला, तो कुणी परत दिलाच नाही. आमच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो मी मोठा करून आणला होता. ती दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. काकूंनी पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "रिबिनी बघ कशा एक वर एक खाली झाल्यात. घाई करत होती गं, नीट वेणी घालू दिली नाही मला त्या दिवशी."